व्यायामाने होणारा दाह : स्नायूंतला आणि चरबीतला

जोरकस व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि दंड ठणकू लागतात. सवयीपेक्षा अधिक भार पडल्याने किंवा उतारावर धावल्याने स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते, हे त्याचे कारण. दुखावलेल्या जागी प्रथम न्यूट्रोफिल व पाठोपाठ मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी जमतात, मोडतोड साफ करतात आणि नव्या वाढीला चालना देतात. हा दाह काही दिवसांत शमतो व स्नायू पूर्वीपेक्षा काटक होतो.

चरबीतला दाह याहून निराळा. पोटातील अवयवांभोवती चरबी साठली की मेदपेशी फुगतात, त्यांच्याभोवती मॅक्रोफेज गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक द्रव्ये स्रवत राहतात. तो दुखत नाही, दिसत नाही. मात्र वर्षानुवर्षे धुमसत राहून इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि मधुमेह व हृदयविकाराला वाट करून देतो.

या दोहोंमधील महत्त्वाचा दुवा म्हणजे इंटरल्यूकिन-६. काम करणारे स्नायू हे द्रव्य रक्तात सोडतात. मॅरेथॉननंतर त्याची पातळी शंभरपटीपर्यंत वाढू शकते. स्नायूंतून स्रवणाऱ्या अशा द्रव्यांना कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘मायोकाइन’ हे नाव सुचवले. ही अल्पकाळची वाढ दाहशामक द्रव्यांना जागे करते आणि टीएनएफ-अल्फाला आवर घालते. डेन्मार्कमधील २०१९ च्या एका चाचणीत १२ आठवडे सायकल चालवणाऱ्या स्थूल व्यक्तींची पोटातील चरबी घटली. परंतु ज्यांना इंटरल्यूकिन-६ चा परिणाम रोखणारे औषध दिले होते, त्यांची तेवढाच व्यायाम करूनही घटली नाही.

म्हणून व्यायामानंतरचा प्रत्येक ठणका गोळीने दाबणे हिताचे नव्हे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात, आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन घेणाऱ्या तरुणांच्या स्नायूंची वाढ अल्पमात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या जवळपास निम्मीच झाली. डॉक्टरांनी अन्य विकारासाठी दिलेले औषध मात्र परस्पर बंद करू नये.

दुरुस्तीला अवधी हवा. जड व्यायाम झालेल्या स्नायूंना एक-दोन दिवस विसावा द्यावा आणि भार हळूहळू वाढवावा. असह्य वेदना, सूज आणि चहासारखी गडद लघवी ही स्नायू मोठ्या प्रमाणावर विघटित होऊन मूत्रपिंडे धोक्यात आल्याची खूण असू शकते. अशा वेळी विलंब न लावता रुग्णालय गाठावे.