अठरा फेब्रुवारीची मैफल

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. एका संध्याकाळी उघड्या मैदानावर ऐकलेले गाणे हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो, आणि त्या गाण्याची वाट शेवटी एका लढाईपर्यंतच जाऊन पोचते, हे आम्हाला फार उशिरा उमगले. हा लेख त्या उशिरा आलेल्या उमजेविषयी आहे.

रविवार, दि. १८ फेब्रुवारी २००७. राखेचा बुधवार अवघ्या तीन दिवसांवर आला होता. सकाळच्या मिस्सेत गायनवृंदात गाऊन आम्ही चौघे मित्र दुपारी वसई रोड स्थानकावर जमलो आणि लोकलने वांद्र्याला निघालो. वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीएच्या मैदानावर त्या संध्याकाळी रॉजर वॉटर्स यांची मैफल होती. ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्रज वाद्यवृंदाचे हे एक संस्थापक, त्यांतून १९८५ साली बाहेर पडलेले. घरच्या वडीलधाऱ्यांना ‘रॉक’ या शब्दाचेच वावडे होते. उपवासकाळ तोंडावर आला असताना असल्या धांगडधिंग्याला जायचे कशाला, असा त्यांचा सवाल होता. आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते. कॅसेटी ऐकून ऐकून झिजल्या होत्या आणि प्रत्यक्ष ऐकण्याची ही पहिलीच संधी होती, एवढेच आम्ही जाणत होतो.

वास्तविक या संगीताचे आणि चर्चचे नाते आमच्या वडीलधाऱ्यांना वाटत होते त्याहून बरेच जवळचे आहे. १९३५ साली अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. आत दातेरी धातूच्या चकत्या चुंबकांपुढे फिरतात आणि त्यांतून स्वर निघतो. नळ्यांचा भव्य ऑर्गन ज्या लहान चर्चना परवडत नसे, त्यांच्यासाठी हा स्वस्त पर्याय होता. नळ्यांचे ऑर्गन बनवणाऱ्यांनी त्याला ‘ऑर्गन’ म्हणण्यासच हरकत घेतली आणि ते प्रकरण सरकारी व्यापार आयोगापर्यंत गेले. चर्चसाठी जन्मलेले हे वाद्य पुढे जॅझवाल्यांनी उचलले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील तरुणांनी ते रॉकच्या रंगमंचावर आणले.

त्या तरुणांपैकी अनेकांचे कान शालेय गायनवृंद, स्तोत्रे आणि बाख यांवर पोसलेले होते. तीन मिनिटांच्या प्रेमगीतात त्यांचे मन रमेना. एकेक रचना वीस-वीस मिनिटांची करावी, तिचे खंड पाडावेत, ताल मध्येच बदलावा, संपूर्ण ध्वनिमुद्रिका एकाच सूत्रात ओवावी, असे प्रयोग त्यांनी सुरू केले. त्यालाच पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे नाव पडले. १९६९ च्या ५ जुलै रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘किंग क्रिमसन’ने अफाट जनसमुदायासमोर केलेले वादन या प्रवाहाचा एक आरंभबिंदू मानतात. पुढे चर्चचा खराखुरा ऑर्गनही या संगीतात आला. रिक वेकमन यांनी १९७३ सालच्या आपल्या ध्वनिमुद्रिकेतील एका रचनेसाठी लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधील ऑर्गन वाजवला. ‘येस’ या वाद्यवृंदाने तर १९७७ साली कमाल केली. स्वित्झर्लंडमधील व्हेवे गावच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये वेकमन ऑर्गनवर बसले, बाकीचे साथीदार मॉन्त्रोच्या ध्वनिमुद्रणगृहात राहिले आणि ऑर्गनचे स्वर दूरध्वनीच्या तारांवरून तिथे पोचवण्यात आले!

पिंक फ्लॉइडची जातकुळी थोडी निराळी. वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे लंडनमध्ये वास्तुशास्त्र शिकणारे विद्यार्थी. स्वरांच्या कसरतीपेक्षा ध्वनीचे अवकाश रचण्यात त्यांना रस होता. मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी ध्वनी प्रेक्षकांच्या चहूबाजूंनी फिरवून दाखवला. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका मार्च १९७३ मध्ये निघाली. पण रंगमंचावर ती त्याआधी वर्षभर घडत होती. २० जानेवारी १९७२ रोजी ब्रायटन येथे तिचा पहिला प्रयोग झाला, तो तांत्रिक बिघाडामुळे अर्ध्यातच थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी पोर्ट्समथ येथे ती प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाजली. काळ, पैसा, वेड आणि मृत्यू हे तिचे विषय. मृत्यूवरील भागात त्या सुरुवातीच्या प्रयोगांत ऑर्गनच्या साथीने बायबलमधील उतारे ऐकवले जात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते उतारे गेले आणि त्या जागी क्लेअर टॉरी या गायिकेचा शब्दावाचून केलेला आक्रोश आला. तिला त्या दिवशी तीस पौंड मिळाले. रचनेच्या श्रेयासाठी तिला पुढे न्यायालयाचे दार ठोठावावे लागले आणि २००५ साली तडजोड होऊन तिचे नाव सहरचनाकार म्हणून लागले. ‘मनी’ या गाण्यासाठी वॉटर्स यांनी आपल्या पत्नीच्या मातीकामाच्या भांड्यात नाणी टाकून त्यांचा खणखणाट मुद्रित केला, त्याच्या फिती मोजून कापल्या व जोडल्या. त्याचा ठेका सात मात्रांचा. आपल्या रूपक तालाच्याही मात्रा सातच, म्हणूनच की काय, त्या गाण्यावर आमची टाळी कधी चुकली नाही. अमेरिकेच्या खपाच्या यादीत ही ध्वनिमुद्रिका १९८८ पर्यंत ७०० हून अधिक आठवडे टिकून होती.

आता त्या संध्याकाळकडे वळू. मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. गर्दीत आमची ताटातूट झाली. एक जण रंगमंचाच्या डावीकडे गेला, एक उजवीकडे, आणि दोघे पार मागे, ध्वनियंत्रणेच्या मचाणाजवळ अडकलो. पूर्वार्धात वॉटर्स यांनी आपली निवडक जुनी-नवी गाणी म्हटली. मध्यंतरानंतर अंधार झाला, आणि त्या अंधारात हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागले. क्षणभर वाटले, आपलेच. मग ते वाढले आणि पायांखालच्या मातीतून अंगात चढू लागले. ‘डार्क साइड’ सुरू झाली होती, आणि ती त्यांनी मुळीच न थांबता शेवटपर्यंत नेली.

आजही आम्ही चौघे एकत्र बसलो की एका गोष्टीवरून वाद होतो. ‘टाइम’ या गाण्याच्या आरंभी अनेक घड्याळे एकदम ठणठणतात. ॲलन पार्सन्स या ध्वनियंत्रकाने ती जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती. डावीकडे उभा असलेला मित्र शपथेवर सांगतो की घड्याळे पाठीमागून वाजली. उजवीकडचा म्हणतो, छे, ती उजव्या हाताला होती. आम्हा मागच्या दोघांना ती डोक्यावर वाजल्यासारखी आठवतात. कित्येक वर्षे आम्ही एकमेकांना विसराळू ठरवले. पुढे कळले की त्या दौऱ्यात ध्वनी चारही दिशांनी सोडला जात असे. प्रत्येकाने आपल्या जागेवरून ऐकले ते खरेच होते. साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, हा इतिहासाचा पहिला धडा आम्ही कुठल्याही वर्गात नव्हे, त्या मैदानावर शिकलो.

दुसरा धडा मात्र आम्ही त्या रात्री चुकवला. पूर्वार्धात दोन शांत गाणी झाली होती. एक साउदॅम्प्टनच्या धक्क्यावरून युद्धावर निघालेल्या सैनिकांचे, तर दुसरे ‘द फ्लेचर मेमोरियल होम’. दोन्ही १९८३ च्या ‘द फायनल कट’ या ध्वनिमुद्रिकेतील. ती आम्हाला अनोळखी होती. खरे सांगायचे तर ती चालू असताना आम्ही पाण्याच्या बाटल्या शोधत होतो. गर्दीतील बहुतेकांप्रमाणे आम्हीही प्रसिद्ध गाण्यांची वाट पाहत होतो.

त्या मैफलीच्या तिकिटाचा उरलेला तुकडा आमच्यातील एकाने गीतांच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवला होता. कित्येक वर्षांनी वॉटर्स यांच्या चरित्राविषयी वाचताना एक तारीख समोर आली आणि तो तुकडा आम्ही पुन्हा काढून पाहिला. रॉजर वॉटर्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १९४३ चा. त्यांचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हे शिक्षक आणि श्रद्धाळू ख्रिस्ती. युद्धाच्या आरंभी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला आणि लंडनवर बॉम्ब पडत असताना रुग्णवाहिका चालवली. पुढे त्यांचे मत पालटले. हिटलरशाहीला शस्त्रानेच रोखले पाहिजे असे वाटून ते सैन्यात गेले, आणि इटलीतील आन्झिओच्या लढाईत अप्रिलियाजवळ कामी आले. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. मृत्यूची तारीख १८ फेब्रुवारी १९४४. आमच्या तिकिटावरील तारीख १८ फेब्रुवारी २००७. बरोबर ६३ वर्षे!

म्हणजे त्या रविवारी, वांद्र्याच्या मैदानावर, त्रेसष्ट वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या मृत्युदिनी त्यांच्या नावाचे गाणे गात होता, आणि आम्ही पाणी शोधत होतो. मागे कळफलकांवर त्याचा मुलगा हॅरी साथीला होता, म्हणजे एरिक यांचा नातू. आपल्या घरी पुण्यतिथीला मिस्सा अर्पण करतात, मुलेनातवंडे पुढच्या बाकावर बसतात. आम्ही त्या दिवशी एका परक्याच्या पुण्यतिथीला हजर होतो आणि आम्हाला ते ठाऊक नव्हते. हे कळल्यावर काही दिवस आम्हाला ती मैफल आठवणेच नकोसे झाले.

आन्झिओची लढाई का झाली, हेही मग शोधणे आले. रोमच्या वाटेवर मोन्ते कासिनो येथे जर्मन फळी दोस्तांना अडवून बसली होती. तिला वळसा घालण्यासाठी २२ जानेवारी १९४४ रोजी आन्झिओच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यात आले. कासिनोच्या डोंगरावरील संत बेनेडिक्ट यांचा प्राचीन मठ १५ फेब्रुवारी रोजी बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आणि लगोलग त्या डोंगरावर चढाई करणाऱ्यांत भारतीय सैनिक होते. किनाऱ्यावर तीनच दिवसांनी एरिक वॉटर्स पडले. त्यांचा देह सापडला नाही. ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कासिनोच्या स्मारकावर कोरलेली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे.

आणि त्याच स्मारकावर एक नाव आपले आहे. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा आणि आजचा रायगड जिल्हा. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सारे मेले वा जायबंदी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबॉम्बने ती तोफ निकामी केली आणि काडतुसे भरण्यास उसंत नाही असे पाहून उरलेल्या शत्रूंना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर ज्ञात नाही.

इंग्लंडमधील एका शिक्षकाचे आणि कोकणातील एका शेतकरी मुलखातल्या शिपायाचे नाव एकाच स्मारकावर आहे. एकाला मुलाने गाण्यांतून जिवंत ठेवले. दुसऱ्याचा पुतळा माणगावला उभा आहे. त्यावरून आम्ही गोव्याला जाता-येता कितीदा गेलो असू, पण एसटीतून उतरून पाहिले नव्हते. ही तक्रार दुसऱ्या कोणाविरुद्ध नाही, ती आमच्याच विरुद्ध आहे. दूरच्या लंडनमध्ये कोणत्या दुकानात कोणती घड्याळे मुद्रित झाली हे आम्हाला पाठ होते, आणि शेजारच्या जिल्ह्यातील या तरुणाचे नाव आम्ही एका इंग्रज गायकाच्या वडिलांचा माग काढताना वाचले.

१८ फेब्रुवारी २०१४ रोजी, सत्तर वर्षांनी, रॉजर वॉटर्स यांनी अप्रिलिया येथे वडिलांच्या स्मारकाचे अनावरण केले. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने या गावी यशवंत घाडगे यांच्या नावाचे स्मारकही उभे राहिले. ते छायायंत्राच्या, म्हणजे सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या घड्याळाच्या रूपात आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. ‘डार्क साइड’चा शेवट ज्या गाण्याने होतो त्याचे नाव ‘एक्लिप्स’, अर्थात ग्रहण.

हल्ली दर वर्षी १८ फेब्रुवारीला आम्ही जमेल तसे एकत्र येतो. वयोमानाप्रमाणे आता खुर्च्यांवर बसून ऐकतो, आवाजही बेताचाच ठेवतो. पूर्वी आम्ही ती दोन शांत गाणी पुढे ढकलत असू. आता प्रथम तीच लावतो, आणि ती चालू असताना कोणी पाणी आणायला उठत नाही. गेल्या खेपेस माणगावला जाऊन आलो. पुतळ्याला हार घातला आणि खाली कोरलेले नाव मोठ्याने वाचले.