चरचरणारा सूर



दौंड तालुक्यांतील एका खेड्यांत भजनाच्या रात्रीं घडलेली गोष्ट आधीं सांगतों. पेटीच्या जागीं तेथें लॅपटॉप होता. बोटानें पट्टी दाबावी आणि संगणकानें पेटीचा सूर काढावा, अशी व्यवस्था. अभंग द्रुत लयींत शिरला आणि सूर चरचरूं लागला. मंडळींनीं शिरूरहून आलेल्या स्पीकरवाल्यास धरलें. त्याच्या भाड्यांतून पैसे कापले. मीहि गप्प राहिलों. दोष त्या गृहस्थाच्या कर्ण्यांत नव्हता, हें मला पुष्कळ उशिरा कळलें. आणि तें नीट समजण्यास १९५७ पर्यंत मागें जावें लागलें.

त्या वर्षीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज ह्यांनीं आयबीएम ७०४ ह्या संगणकाकडून सतरा सेकंदांची एक धून काढविली. यंत्र गणित करी, तें फितीवर उतरे, आणि मग धून वाजे. गणितास वादनाहून कितीतरी अधिक वेळ लागे, पण त्यापायीं सूर तुटण्याचें भय नव्हतें. पट्टीवर बोट ठेवून वाट पाहणारा कोणी नव्हताच!

१९८३ मध्यें 'मिडी' ही सांकेतिक भाषा आली आणि पट्टीचें बोलणें निरनिराळ्या यंत्रांस सारखेंच कळूं लागलें. १९९७ मध्यें हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनें, संगणकाचा नेहमींचा कारभार वगळून ध्वनियंत्रापर्यंत थेट पोंचणारा 'एएसआयओ' हा मार्ग दिला. १९९९ मध्यें 'व्हीएसटी'च्या दुसऱ्या आवृत्तीनें वाद्येंच संगणकांत वसविण्याची सोय केली. वादक आतां 'याच क्षणीं दे' म्हणूं लागला, आणि चरचर घरोघर पोंचली.

सीडीच्या मापानें एका सेकंदाच्या ध्वनीचे ४४,१०० नमुने होतात. संगणक ते खेपेखेपेनें देतो. एका खेपेंतील नमुन्यांचा आंकडा म्हणजे बफर. तो ५१२ असेल तर यंत्रास सुमारें साडेअकरा मिलिसेकंदांची सवड मिळते. ६४ ठेविला तर दीडच मिलिसेकंदाची. शेतकरी श्रोत्यांस हें सहज उमगेल. शिरूरकडे चासकमानचें आणि दौंडकडे खडकवासल्याचें पाणी कालव्यानें पाळीपाळीनें येतें, म्हणून तर शेततळें राखावयाचें. तळें लहान असलें आणि पुढची पाळी लांबली, कीं पंप हवा ओढतो व पाणी फुरफुरत, तुटत येतें. तीच आमची चरचर. उपमा येथें थोडी लंगडी पडते: मोठ्या तळ्याचें पाणी उशिरा येत नाहीं, मोठ्या बफरचा सूर मात्र बोटामागून रेंगाळतो.

म्हणून लहान आंकड्याचा मोह. पण २५६ ठेविला तरी एका खेपेचा विलंब सहा मिलिसेकंदांच्या आंतच राहतो. दोन मीटरांवरील टाळाचा नाद कानीं येण्यास तितकाच वेळ लागतो. ६४ चा हट्ट ही बव्हंशीं वादकाची हौस आहे, असें माझें मत.

परीक्षा सोपी आहे. आवाज उतरवावा. चरचर गेली तर कर्णा किंवा ध्वनीची पातळी तपासावी. उतरवूनहि, हेडफोनमध्येंहि ती राहिली आणि अनेक सूर एकदम धरतांच वाढली, तर यंत्राची सवड अपुरी समजावी. मग बफर पायरीपायरीनें वाढवावा, वाय-फाय बंद करावें, वीज वाचविण्याची योजना काढून टाकावी, एकदम वाजणाऱ्या सुरांची मर्यादा कमी करावी. संगणक एरव्हीं कितीहि चपळ असो. एक खेप चुकली कीं सूर तडकलाच.

त्या रात्रींच्या लॅपटॉपवर आंकडा ६४ होता. मंडळींनीं तो आतां २५६ केला आहे. कापलेल्या पैशांचा विषय पुढच्या बैठकींत मी काढणार आहें.