साल्हेरचे बावीस जण

1672च्या सुरुवातीला मराठे आणि मोगल यांच्यात झालेल्या साल्हेरच्या लढाईत जखमी किती झाले? किल्ला सटाण्याच्या तालुक्यातला, म्हणजे बागलाणातला. पण लढाई झाली ती खाली, मोकळ्या रानात.

सभासदाने 1697च्या सुमारास जिंजीला शिवाजी महाराजांची बखर लिहिली. त्याच्या हिशेबात दोन्हीकडचे मिळून दहा हजार माणूस पडले, बावीस नामांकित वजीर पाडाव झाले आणि मराठा सरदार सूर्यराव काकडे जंबुरियाचा, म्हणजे लहान तोफेचा, गोळा लागून ठार झाला. ग्रँट डफच्या 1826च्या इतिहासातही बावीस आहेत, पण ते मेलेले. शिवाय काही मोठे सरदार जखमी होऊन कैद झालेले, आणि मराठ्यांकडचे मृत व जखमी मिळून पाचशेंवर. आकडा तोच, एकाकडे कैदी, दुसऱ्याकडे मुडदे. ‘पाडाव झाले’चं ‘पडले’ कुठेतरी झालं असावं, असा माझा तर्क. फारसी साधनं चाळलेल्या इतिहासकार जदुनाथ सरकारांनी मोगल सरदार इखलासखान जखमी होऊन पकडला गेल्याचं लिहिलंय. म्हणजे पाडाव आणि जखमी या दोन याद्या काही अंशी एकच.

डफने जखमेसाठी वापरलेला ‘वूंड’ हा इंग्रजीचा घरचा, जुना शब्द. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘वुंड’ आहे. आपली ‘जखम’ फारसीतून आली, ‘घाव’ संस्कृत ‘घाता’तून. तिन्हींत शरीर आहे, आघात आहे.

आज सर्रास कानावर येणारी ‘इंजुरी’ मात्र रणांगणातून आलेली नाही. लॅटिन ‘इन्यूरिया’ म्हणजे हक्काविरुद्धचं कृत्य, अन्याय. ‘यूस’ म्हणजे कायदा, हक्क. फ्रेंचमध्ये ‘अँझ्यूर’ आजही शिवीच! 1860च्या भारतीय दंड संहितेचं कलम 44 पाहा: शरीर, मन, नावलौकिक, मालमत्ता, यांपैकी कशालाही बेकायदा पोहोचवलेली हानी ती इंजुरी. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच व्याख्या आहे. अंगावरच्या माराला कायद्यात वेगळा शब्द आहे: ‘हर्ट’, मराठीत ‘दुखापत’. क्रिकेटपटूच्या दुखऱ्या गुडघ्याला आपण इंजुरी म्हणतो, तेव्हा त्यातला अन्याय कधीच गळालेला असतो.

साल्हेरच्या कैद्यांबद्दल डफ ‘वूंड’च लिहितो. त्यांना रायगडावर नेलं, मानाने वागवलं, आणि जखमा बऱ्या झाल्यावर सन्मानाने परत पाठवलं.