केबल तोडण्यापूर्वी… थेट सामन्यांसाठी इंटरनेटचा पर्याय कितपत खरा?

दरमहा दारात येणारा केबलवाला आणि त्याच्या हातातले पावतीपुस्तक हे शहरी मध्यमवर्गीय घरांतील जुने दृश्य आता विरळ होत चालले आहे. मालिका आणि चित्रपट मोबाइलवर पाहण्याची सवय लागलेल्या अनेक कुटुंबांत केबल अथवा डीटीएच उरले आहे ते केवळ एका कारणासाठी, क्रिकेटसाठी. साहजिकच ‘सामनेही इंटरनेटवर दिसत असतील, तर मग केबलचे भाडे कशासाठी?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो.

प्रश्न सोपा असला, तरी त्याचे उत्तर केवळ दोन बिलांची तुलना करून मिळत नाही. मालिका आज चुकली तर उद्या पाहता येते. सामन्याचे तसे नसते. अखेरच्या षटकात चित्र अडकले, तर गेलेला क्षण परत येत नाही. शिवाय कोणता सामना कोठे दिसणार, हे सेवेच्या नावावरून नव्हे, तर प्रक्षेपण हक्कांच्या करारांवरून ठरते. म्हणूनच केबल बंद करण्यापूर्वी हा व्यवहार नीट समजून घेणे इष्ट ठरेल.

लहरींवर मालकी कोणाची?

भारतात थेट प्रक्षेपणाच्या हक्कांचा वाद क्रिकेटमुळेच ऐरणीवर आला. १९९३ साली बंगाल क्रिकेट संघटनेने हीरो चषक स्पर्धेचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. तोपर्यंत प्रक्षेपणाची मक्तेदारी असलेल्या दूरदर्शनशी त्यावरून संघर्ष उडाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल ऐतिहासिक ठरला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी केबल टेलिव्हिजनचे नियमन करणारा कायदाही आला.

पुढील काळात क्रीडा वाहिन्यांची संख्या वाढली, हक्कांच्या किमती वाढल्या आणि २००३ नंतर डीटीएच सेवाही आल्या. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून केबलसाठी सेट टॉप बॉक्स अनिवार्य झाला. फेब्रुवारी २०१९ पासून ‘जी वाहिनी पाहायची तिचेच पैसे’ हे तत्त्व लागू झाले आणि क्रीडा वाहिनीची किंमत ग्राहकाला स्वतंत्रपणे दिसू लागली.

केबलकडून इंटरनेटकडे

इंटरनेटवरून थेट क्रिकेट दाखविण्याचा मोठा प्रयोग २०१० मध्ये झाला. त्या वर्षी आयपीएलचे सामने यूट्यूबवर दाखविण्यात आले. मात्र तेव्हाच्या इंटरनेटचा वेग पाहता तो बहुतेकांसाठी कुतूहलाचा विषय होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये विश्वचषकाच्या तोंडावर हॉटस्टार ही सेवा सुरू झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि चित्र पालटले.

बदल किती झाला, हे दोन आकड्यांवरून ध्यानात येते. २०१९ च्या विश्वचषकात भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील उपान्त्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी पाहणाऱ्यांचा उच्चांक सुमारे अडीच कोटी होता. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत झालेल्या अंतिम सामन्याच्या वेळी तो ५ कोटी ९० लाखांवर पोहोचला.

बाजारानेही हा कल ओळखला होता. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या हक्कांचा लिलाव एकूण ४८,३९० कोटी रुपयांना झाला. त्यात भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, तर डिजिटल हक्कांच्या दोन गटांसाठी व्हायकॉम १८ ने सुमारे २३,७५८ कोटी मोजले. छोट्या पडद्यापेक्षा मोबाइलच्या पडद्याला अधिक मोल आले.

मोफत मेजवानी आणि तिचा शेवट

त्यानंतरचे काही महिने प्रेक्षकांसाठी पर्वणीचे होते. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक आणि २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर मोफत दिसली. आयपीएलचे समालोचन मराठीसह बारा भाषांत होते. त्या हंगामात मराठीतून समालोचन करणारा पुण्याचा केदार जाधव मध्यावरच बंगळुरूच्या संघात बदली खेळाडू म्हणून दाखल झाला, हा योगही क्रीडाप्रेमींच्या स्मरणात असेल. स्पर्धेला उत्तर म्हणून हॉटस्टारने २०२३ चा विश्वचषक मोबाइलवर मोफत केला.

मात्र ही चढाओढ फार काळ टिकली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील माध्यम व्यवसाय एकत्र आले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही सेवांचे मिळून जिओहॉटस्टार झाले. आयपीएलचे दूरचित्रवाणी आणि डिजिटल असे दोन्ही हक्क एकाच छत्राखाली आले. सामने पुन्हा वर्गणीच्या अथवा ठरावीक रिचार्जच्या चौकटीत गेले. ज्यांनी केवळ ‘फुकट दिसते’ म्हणून केबल बंद केली होती, त्यांच्यासाठी हा धडा होता. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा धोका येथेच असतो.

एक खेळ, अनेक मालक

केबल तोडू पाहणाऱ्यांची सर्वांत मोठी गफलत होते ती हक्कांच्या विभागणीबाबत. २०२५ या एकाच वर्षाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मार्च ते जून या काळातील आयपीएल स्टार स्पोर्ट्सवर आणि इंटरनेटवर जिओहॉटस्टारवर होती. जूनमध्ये सुरू झालेला भारताचा इंग्लंड दौरा दूरचित्रवाणीवर सोनीच्या क्रीडा वाहिन्यांवर दिसला, पण इंटरनेटवर मात्र जिओहॉटस्टारवरच. सप्टेंबरमधील आशिया चषकासाठी केबलवर पुन्हा सोनी आणि इंटरनेटवर सोनी लिव्ह. म्हणजे तीन स्पर्धांसाठी केबलच्या ग्राहकाला दोन समूहांच्या वाहिन्या हव्या होत्या आणि इंटरनेटच्या ग्राहकाला दोन वर्गण्या.

याहून वेगळी उदाहरणेही आहेत. नोव्हेंबर २०२२ मधील भारताचा न्यूझीलंड दौरा इंटरनेटवर प्राइम व्हिडिओने दाखविला, तर २०२२ मधील वेस्ट इंडीज दौरा फॅनकोडवर होता.

सर्वसाधारण नियम असा, की हक्क यजमान मंडळ विकते. भारतातील मालिकांचे हक्क भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, इंग्लंडमधील मालिकांचे तेथील मंडळ आणि विश्वचषकाचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद विकते. त्यामुळे ‘भारताचे सर्व सामने’ एकाच ठिकाणी मिळतील, अशी हमी कोणतीही सेवा देऊ शकत नाही.

शेजारचा जल्लोष आधी का ऐकू येतो?

इंटरनेटवर सामना पाहणाऱ्याचा नेहमीचा अनुभव म्हणजे गोलंदाज अजून धावत येत असतो आणि शेजारच्या घरातून ‘आऽऽऊट’ ऐकू येते. यात कोणाचा दोष नसून तो तंत्राचा स्वभाव आहे.

उपग्रहावरून येणारा सिग्नल सर्वांसाठी एकच असतो. तो एक लाख घरांनी घेतला काय अथवा एक कोटी घरांनी, त्यावर अधिक भार पडत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकाकडे स्वतंत्र प्रवाह धाडावा लागतो. त्यासाठी चित्राचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात, ते निरनिराळ्या शहरांतील सर्व्हरवर ठेवले जातात आणि तुमचे उपकरण त्यातील काही तुकडे आगाऊ साठवून मग दाखवू लागते. वेग घटला की तेच चित्र कमी दर्जाच्या तुकड्यांतून पुढे चालू राहते. साठवणीमुळे चित्र अडकत नाही, पण केबलच्या तुलनेत ते काही सेकंदांनी, प्रसंगी अर्ध्या मिनिटाने मागे राहते.

यावर सोपा उपाय म्हणजे सामना सुरू असताना मोबाइलवरील धावफलकाच्या सूचना बंद ठेवणे. शेजाऱ्यांचा आवाज मात्र बंद करता येत नाही!

डेटाचा आणि पैशांचा हिशेब

मोठ्या टीव्हीवर स्वच्छ चित्रासाठी साधारण ५ एमबीपीएसचा अखंड प्रवाह धरला, तर तासाला सव्वादोन जीबी डेटा लागतो. चार तासांच्या ट्वेन्टी-२० सामन्याला ९ जीबी, आठ तासांच्या एकदिवसीय सामन्याला १८ जीबी आणि दिवसाला सहा तास याप्रमाणे पाच दिवसांच्या कसोटीला सुमारे ६८ जीबी. दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर हे भागणार नाही, हे उघड आहे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर १ एमबीपीएसच्या चित्रावर समाधान मानले, तर हेच प्रमाण तासाला अर्ध्या जीबीहून कमी होते.

आता पैशांकडे वळू. २०१९ च्या नियमानुसार केबल-डीटीएचचे मूळ शुल्क कमाल १३० रुपये होते. स्टार स्पोर्ट्स १ सारख्या वाहिनीचे १९ रुपये धरून आणि १८ टक्के कर मिळवून महिन्याला सुमारे १७६ रुपये होत, म्हणजे तीन महिन्यांचे साधारण ५२७. जुलै २०२४ मध्ये मूळ शुल्कावरील कमाल मर्यादा नियामकाने काढून टाकली, त्यामुळे आपल्या भागातील दर स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

याउलट जिओहॉटस्टार सुरू झाले तेव्हा तीन महिन्यांची वर्गणी केवळ मोबाइलसाठी १४९ रुपये, दोन उपकरणांसाठी २९९ आणि चार उपकरणांसाठी ४९९ रुपये होती. असे दर वरचेवर बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी ताजा दर पाहणे आवश्यक. सर्वांत स्वस्त योजना टीव्हीवर चालत नव्हती आणि सर्वांत महागड्या योजनेतही थेट सामन्यांच्या वेळी जाहिराती होत्या, या दोन बाबी अनेकांच्या लक्षात नंतर आल्या.

वरवर पाहता इंटरनेट स्वस्त वाटते. पण घरात ब्रॉडबँड आधीपासून असेल, तरच हे खरे. केवळ सामन्यांसाठी नवी जोडणी घ्यायची झाल्यास तिचे मासिक भाडेही हिशेबात धरले पाहिजे. दुसऱ्या सेवेची वर्गणी लागली, तर फरक आणखी कमी होतो. मात्र वर्षातून दोन-तीन महिनेच क्रिकेट पाहणाऱ्याला वर्गणी हंगामापुरती घेऊन थांबवता येते, हा इंटरनेटचा खरा फायदा आहे.

दूरदर्शनचा आधार

या साऱ्या चर्चेत एक मार्ग विसरला जातो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचा थेट सिग्नल हक्कधारकांना प्रसार भारतीस द्यावा लागतो. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० सामने त्यात मोडतात. आयपीएल मोडत नाही.

येथेही एक खोच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सिग्नल केवळ दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणासाठी आणि डीटीएच सेवेसाठी असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे खासगी केबलवर दूरदर्शनची वाहिनी असली, तरी त्यावर असे सामने मिळण्याचा हक्क ग्राहकाला नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशला मात्र मासिक शुल्क नाही. डिश आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच करावा लागतो. गच्चीवर अथवा खिडकीत डिश बसविण्याची सोय असलेल्या घरात ब्रॉडबँड आणि फ्री डिश अशी जोडी केबलला सक्षम पर्याय ठरू शकते.

निर्णय घेण्यापूर्वी

* पुढील सहा महिन्यांत आपण कोणते सामने पाहणार, याची यादी करावी आणि प्रत्येक स्पर्धेचे हक्क कोणाकडे आहेत ते तपासावे.
* इंटरनेटचा वेग सकाळी नव्हे, तर सामन्याच्या वेळी, म्हणजे रात्री आठनंतर, टीव्हीजवळ मोजावा. शक्य असल्यास राउटरपासून टीव्हीपर्यंत वायर टाकावी.
* निवडलेली योजना टीव्हीवर चालते का आणि एकाच वेळी किती उपकरणांवर चालते, हे वाचून घ्यावे. टीव्ही जुना असेल, तर एचडीएमआय जोडणी आहे का ते पाहावे.
* आपोआप नूतनीकरणाची सोय गरज नसल्यास बंद करावी.
* केबल लगेच परत न करता एक मालिका पूर्णपणे इंटरनेटवर पाहावी.

घरातील ज्येष्ठांचाही विचार या निर्णयात हवा. रिमोटवरील एक क्रमांक दाबून सामना लावणाऱ्या आजोबांना अ‍ॅप, पासवर्ड आणि ओटीपी यांच्या वाटेने जाणे जड जाते. केबलवाल्याला निदान फोन करून बोलावता तरी येत असे. अनेक ठिकाणी तोच केबलवाला आता ब्रॉडबँडही देतो, तेव्हा दोन्ही जोडण्यांबाबत त्याच्याशी बोलून पाहण्यास हरकत नाही.

थोडक्यात, घरात भरवशाचे ब्रॉडबँड असेल आणि क्रिकेट हंगामापुरते पाहिले जात असेल, तर केबलला निरोप देण्यास हरकत नाही. वर्षभर निरनिराळे खेळ पाहणाऱ्या, दोन टीव्हींच्या आणि ज्येष्ठांच्या घरात मात्र घाई नको. हक्क दर काही वर्षांनी हात बदलतात, सेवांची नावे बदलतात. त्यामुळे कंपनीवर नव्हे, तर सामन्यांच्या वेळापत्रकावर नजर ठेवणारा ग्राहकच अखेरच्या षटकापर्यंत निश्चिंत बसू शकेल.