प्रोग्रॅम नसलेल्या यंत्राची नक्कल

घरातल्या टीव्हीला जोडून खेळायचे पहिले व्हिडिओ गेम यंत्र अमेरिकेत सप्टेंबर १९७२ मध्ये विक्रीला आले. त्याचे नाव मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. किंमत सुमारे शंभर डॉलर. १९७५ साली त्याचे उत्पादन थांबेपर्यंत सुमारे साडेतीन लाख यंत्रे खपली. आज ते पाहायचे तर वस्तुसंग्रहालय गाठावे लागते. चालू स्थितीतले यंत्र हाती लागले तरी त्याला चित्रनलिकेचा जुना टीव्ही हवा, आणि तोही आता दुर्मीळ झाला आहे. त्यामुळे जुन्या यंत्रांची आवड असणारे लोक दुसरा मार्ग धरतात. ते या यंत्राचा एम्युलेटर तयार करतात.

एम्युलेटर म्हणजे एका संगणकाला दुसऱ्या यंत्रासारखे हुबेहूब वागायला लावणारी सोय. तिचे मूळ खेळांमध्ये नसून कचेऱ्यांमध्ये आहे. आयबीएम कंपनीने १९६४ साली 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची नवी मालिका जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. पगारपत्रके आणि हिशेब यांचे प्रोग्रॅम जुन्या १४०१ सारख्या संगणकांसाठी लिहिलेले होते. ते सगळे नव्याने कोण लिहिणार? म्हणून नव्या यंत्रातच जुन्या यंत्राच्या आज्ञा समजून घेण्याची व्यवस्था केली गेली. हे शक्य आहे याची सैद्धांतिक खात्री ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच दिली होती. ज्या यंत्राची कृती पायऱ्या-पायऱ्यांनी नेमकी लिहिता येते, त्या यंत्राचे काम एक सर्वसमावेशक यंत्र करू शकते, असे त्यांनी दाखवले होते.

आपल्याकडच्या कथांमधला परकायाप्रवेश येथे आठवतो. शरीर नवे, आत्मा जुना. गेम यंत्रांच्या बाबतीत हा आत्मा म्हणजे स्मृतिचिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम. एम्युलेटर त्यातली एकेक आज्ञा वाचतो आणि जुन्या प्रोसेसरने जे केले असते तेच नव्या प्रोसेसरकडून करवून घेतो. १९९७ साली सुरू झालेल्या 'मेम' या प्रकल्पाने दुकानांतल्या हजारो जुन्या खेळयंत्रांना असे नवे शरीर मिळवून दिले.

ओडिसीपाशी मात्र हा मार्ग अडतो. त्यात प्रोसेसर नाही, स्मृतिचिप नाही, प्रोग्रॅमही नाही. आत आहेत सुमारे चाळीस ट्रान्झिस्टर, तितकेच डायोड, आणि रेझिस्टर व कपॅसिटर. मग नक्कल करायची ती कशाची?

ठिपका म्हणजे उशीर

उत्तर शोधण्यापूर्वी हे यंत्र चालते कसे ते पाहू. त्याचे जनक राल्फ बेअर हे टीव्हीचे तंत्र शिकलेले अभियंते. १९३८ साली ते जर्मनीतून कुटुंबासह निसटून अमेरिकेला आले. पुढे ते न्यू हॅम्पशायर राज्यातल्या सँडर्स असोसिएट्स या संरक्षणसाहित्य बनवणाऱ्या कंपनीत काम करू लागले. टीव्हीवर खेळ खेळता येईल ही कल्पना त्यांनी १ सप्टेंबर १९६६ रोजी चार पानांच्या टिपणात मांडली. बिल हॅरिसन आणि बिल रश या सहकाऱ्यांसह त्यांनी अनेक नमुने बनवले. शेवटचा नमुना 'ब्राऊन बॉक्स' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचे हक्क १९७१ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीने घेतले.

चित्रनलिकेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा एक झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे रेषा ओढत खाली सरकतो. अमेरिकी पद्धतीत तो सेकंदाला साठ वेळा वरून खाली येतो आणि सेकंदाला सुमारे १५,७५० आडव्या रेषा ओढतो. म्हणजे एका रेषेला सुमारे ६३.५ मायक्रोसेकंद लागतात. त्यांपैकी पडद्यावर दिसणारा भाग सुमारे ५२ मायक्रोसेकंदांचा. आता समजा, प्रत्येक रेषा सुरू झाल्यावर आपण ठरावीक वेळ थांबलो आणि मग क्षणभर झोत प्रखर केला. पडद्यावर एक उभा पट्टा दिसेल. थांबण्याचा वेळ वाढवला की पट्टा उजवीकडे सरकेल. पडदा वरून सुरू झाल्यावर काही मिलिसेकंद थांबून असेच केले तर आडवा पट्टा मिळेल. दोन्ही संकेत ज्या क्षणी एकत्र असतील तेव्हाच झोत प्रखर केला तर उरेल फक्त एक चौकोनी ठिपका.

भूमितीच्या तासाला आपण बिंदूचे स्थान क्ष आणि य या अंतरांनी सांगतो. ओडिसीत ही अंतरे नाहीतच, तेथे दोन उशीर आहेत. हा उशीर कपॅसिटर भरायला लागणाऱ्या वेळातून मिळतो, आणि खेळाडू हातातली मूठ फिरवतो तेव्हा तो खरे म्हणजे विभवांतर बदलून हा वेळ कमी-जास्त करत असतो.

पडद्यावर असे तीन ठिपके येतात. दोन खेळाडूंचे, एक चेंडूचा. शिवाय एक उभी रेषा. रंग नाही, आवाज नाही, गुणही मोजले जात नाहीत. चेंडू खेळाडूवर आदळला हे यंत्राला कसे कळते? दोन ठिपक्यांचे संकेत एकाच क्षणी आले की ते एकाच जागी आहेत. त्यासाठी एक साधे 'आणि' द्वार पुरते. टक्कर झाली की फ्लिपफ्लॉप उलटतो आणि चेंडू परत फिरतो.

खेळ बदलायचा तर यंत्रात दुसरे कार्ड खोचायचे. पुढच्या काळातल्या कॅसेटसारखे ते दिसते, पण त्यात साठवलेले काही नाही. ते फक्त यंत्राच्या आतले तारांचे जोड बदलते. एका कार्डाने टक्कर झाल्यावर चेंडू उलटतो, दुसऱ्याने टक्कर झालेला ठिपका नाहीसा होतो. कार्ड म्हणजे जोडणीचा नकाशा.

दोन मार्ग

अशा यंत्राची नक्कल दोन प्रकारे करता येते. पहिला मार्ग बहुरूप्याचा. बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दारात येतो तेव्हा गणवेश, चाल, दरडावणे सगळे बरोबर असते, पण त्याला चोर पकडता येत नाही. तसेच तीन चौकोन काढायचे, त्यांचे क्ष आणि य आकड्यांत ठेवायचे, चौकोन एकमेकांवर आले की चेंडूची दिशा बदलायची. हा प्रोग्रॅम अकरावीचा विद्यार्थीही लिहू शकेल, आणि खेळणाऱ्याला फरक चटकन कळणार नाही.

दुसरा मार्ग लांबचा. मंडलातला प्रत्येक रेझिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर आकड्यांत मांडायचा आणि क्षणाक्षणाला प्रत्येक बिंदूचे विभवांतर काढायचे. ठिपका कोठे दिसावा हे आपण सांगायचे नाही, ते गणितातून आपोआप यायला हवे. ओडिसीच्या पाठोपाठ आलेल्या 'पाँग' या दुकानातल्या खेळातही प्रोसेसर नव्हता, त्याची नक्कल अशाच प्रकारे मंडलाच्या नकाशावरून केली गेली आहे.

या दुसऱ्या मार्गातली अडचण वर्गात करून पाहता येते. ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसरीत जोडा. दोन्हींचा गुणाकार १० सेकंद येतो. नियमानुसार १० सेकंदांनी कपॅसिटरवर सुमारे ५.६९ व्होल्ट असायला हवेत. आता हेच संगणकाच्या पद्धतीने, पायऱ्या-पायऱ्यांनी काढू. दर सेकंदाला, अजून भरायचे राहिलेल्या विभवांतराचा दहावा भाग मिळवत जा. दहा पायऱ्यांनंतर उत्तर येते ५.८६. पायरी दहापट लहान केली, म्हणजे दर दशांश सेकंदाला शंभरावा भाग मिळवला, तर शंभर पायऱ्यांनंतर येते ५.७१. पायऱ्या जितक्या बारीक, तितके उत्तर खऱ्याजवळ. पण कामही तितकेच वाढते. ओडिसीतल्या घटना मायक्रोसेकंदांत घडतात, म्हणून एका सेकंदाच्या खेळासाठी निदान दहा लाख पायऱ्या आल्या. चाळीस ट्रान्झिस्टरांचे गरीब यंत्र नक्कल करायला इतके महाग पडते.

आता प्रत्यक्ष मोजमाप करा. बहुधा उत्तर ५.६९ येणार नाही. अशा कपॅसिटरचे मूल्य छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी कमी-जास्त असणे नेहमीचेच. दोन गटांचे आकडे वेगळे येतील. ओडिसीचेही तसेच होते. प्रत्येक यंत्राचा चेंडू थोडा वेगळा पळे, आणि पन्नास वर्षांनंतर सुकत आलेल्या कपॅसिटरमुळे तो आणखी वेगळा पळतो. मग आपण नक्कल करायची ती कोणत्या यंत्राची? कारखान्यातून निघालेल्या, की आज संग्रहालयात असलेल्या? गणित याचे उत्तर देत नाही, ते माणसालाच ठरवावे लागते.

बंदूक आणि दिवा

ओडिसीसोबत एक बंदूकही वेगळी विकत मिळे. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा घटक होता. नेम धरून चाप ओढला आणि समोर उजेड दिसला की पडद्यावरचा ठिपका नाहीसा होई. एम्युलेटरमध्ये बंदुकीच्या जागी माऊस येतो. आपण ठिपक्यावर बाण नेऊन कळ दाबतो, ठिपका जातो.

वरवर दोन्ही सारखेच. पण विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. एम्युलेटर विचारतो, 'बाण चौकोनाच्या आत आहे का?' बंदूक विचारत होती, 'समोर उजेड आहे का?' म्हणून खऱ्या बंदुकीने खोलीतल्या दिव्यावर नेम धरला तरी नेम लागल्याचे यंत्र मान्य करी. एम्युलेटरमध्ये ही लबाडी करता येत नाही, कारण त्याच्या जगात खोली नाही आणि दिवाही नाही.

खोक्यातल्या इतर वस्तूंबाबतही हेच घडते. ओडिसीसोबत फासे, पत्ते, खोटे पैसे आणि रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे मिळत. हे पडदे स्थितिक विद्युतभारामुळे टीव्हीच्या काचेला चिकटत. एकावर बर्फाचा उतार छापलेला, एकावर अमेरिकेच्या राज्यांचा नकाशा. बर्फावरून घसरण्याच्या खेळात खेळाडू आपला ठिपका छापलेल्या वाटेवरून नेई. वाट सोडली तर यंत्राला पत्ताही लागत नसे. चूक कोणी मोजायची? समोर बसलेल्या भावाने किंवा बहिणीने. खेळाचे नियम तारांमध्ये नव्हते. ते पुस्तिकेत आणि खेळणाऱ्यांच्या भांडणात होते. एम्युलेटर त्या प्लॅस्टिकचे चित्र दाखवू शकतो, पण शेजारी बसून 'तू बाहेर गेलास' असे ओरडणारे माणूस त्याला आणता येत नाही.

न्यायालयातला तोच प्रश्न

हा प्रश्न एकदा न्यायालयातही येऊन गेला आहे. अटारी कंपनीचे नोलन बुशनेल यांनी मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात ओडिसीचा टेबल टेनिस पाहिला होता. त्यांच्या कंपनीचा 'पाँग' त्याच वर्षाच्या अखेरीस आला. मॅग्नाव्हॉक्सने दावा लावला, आणि १९७६ साली अटारीने तडजोड करून परवाना घेतला. पुढे मॅटेल, ॲक्टिव्हिजन अशा कंपन्यांशी खटले झाले. तोवर खेळ प्रोसेसरवर चालू लागले होते. बेअर आणि रश यांच्या पेटंटांत ट्रान्झिस्टरची मंडले वर्णन केलेली, आणि येथे तर प्रोग्रॅम. मग पेटंट लागू कसे, असा बचाव झाला. मॅटेल १९८२ साली हरली, ॲक्टिव्हिजन १९८५ साली. चेंडू खेळाडूवर आदळल्याचे ओळखणे आणि त्याची गती बदलणे हेच काम दुसऱ्या साधनाने केले, तरी ते त्याच शोधाचे रूप, असा या निकालांचा रोख होता. म्हणजे कायद्याने बहुरूप्यालाही मूळ व्यक्तीच मानले.

याच खटल्यांमुळे बेअर यांची टिपणे, आराखडे आणि नमुने पुरावा म्हणून जपले गेले. २००६ साली त्यांनी ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिले. २०१४ साली बेअर वारले. आज कोणाला मंडलाच्या पातळीवर नक्कल करायची असेल तर ती या कागदांच्या आधाराने करता येते.

शिक्षकांच्या दृष्टीने या सगळ्याचा एक उपयोग आहे. शाळांमध्ये आता पडद्यावरचे प्रयोग येऊ लागले आहेत. माऊसने लंबक ओढून सोडला की तो झोके घेतो, आवर्तकाल मोजता येतो, उत्तर पुस्तकाशी जुळते. जुळणारच, कारण पुस्तकातले सूत्रच त्या लंबकाला चालवते आहे. ओडिसीच्या माऊसप्रमाणे या लंबकालाही त्याच्या कर्त्याने विचार केलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देता येतात. दोऱ्यावर टांगलेल्या दगडाला मात्र सूत्र माहीत नसते. मोठा झोका दिला तर त्याचा आवर्तकाल वाढतो, दोरा पिळतो, खिडकीतून वारा आला तर तो वाकडा जातो. पडद्यावरचा प्रयोग जरूर दाखवावा. पण मुलांना विचारावे, 'यात कोणता दिवा राहून गेला आहे?' आणि त्यांनी दिलेले उत्तर बरोबर आहे का, हे तपासायला एक दगड आणि हातभर दोरा वर्गात ठेवावा.