लिनक्स मोफत, मग महाग कसे? सर्व्हरच्या खऱ्या खर्चाचा वाद

१/ ऑगस्ट २००४. ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स अथॉरिटी या संस्थेने मायक्रोसॉफ्टची एक जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. लिनक्स हे विंडोज सर्व्हर २००३ पेक्षा दहापटींहून अधिक महाग आहे, असा त्या जाहिरातीचा दावा होता. जी ऑपरेटिंग सिस्टीम परवाना शुल्काविना मिळते, ती दहापट महाग कशी ठरली?

२/ या प्रश्नाची मुळे १९६९ मध्ये सापडतात. तोवर आयबीएमचा संगणक घेतला की सॉफ्टवेअर, प्रशिक्षण आणि तज्ज्ञांची मदत त्यासोबतच येई. अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला, त्याच वर्षी जून महिन्यात आयबीएमने या गोष्टींचे दर वेगळे करण्याची घोषणा केली. सॉफ्टवेअरला स्वतःची किंमत आली आणि तुलनेला वाव मिळाला.

३/ १९८७ च्या सुमारास गार्टनर या सल्लागार संस्थेच्या बिल किरविन यांनी ‘टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप’, म्हणजे मालकीचा एकूण खर्च, ही संकल्पना संगणकांना लावली. म्हैस घेणाऱ्याला केवळ तिच्या किमतीचा विचार करून भागत नाही. चारा, पेंड आणि राखणदारही हिशेबात धरावा लागतो. संगणकाचेही तसेच: देखभाल, प्रशिक्षण, बिघाड आणि वाया गेलेला वेळ.

४/ १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने लिनक्सचा आरंभ केला. दशकभरात ते स्वस्त इंटेल यंत्रांवर चालणारे भरवशाचे सर्व्हर बनले. महागडी युनिक्स यंत्रे काढून तेथे लिनक्स बसवणे कंपन्यांना परवडू लागले. डिसेंबर २००० मध्ये आयबीएमने पुढील वर्षी लिनक्सवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले. विंडोजपुढे आता खरा प्रतिस्पर्धी उभा होता.

५/ परवान्याच्या किमतीत शून्याशी स्पर्धा करणे अशक्य. म्हणून मायक्रोसॉफ्टने वाद एकूण खर्चाच्या मैदानात नेला. २००२ च्या अखेरीस तिने पुरस्कृत केलेला आयडीसी या संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फाइल, प्रिंट, नेटवर्क, सुरक्षा आणि वेब या पाच कामांपैकी चारांत, पाच वर्षांच्या हिशेबाने, विंडोज २००० स्वस्त ठरले. लिनक्स केवळ वेबच्या कामात सरस होते.

६/ त्या हिशेबाला आधार होता. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा मनुष्यबळाचा होता. सॉफ्टवेअरची किंमत त्यापुढे किरकोळ ठरे. लिनक्स जाणणारे प्रशासक तेव्हा कमी होते. शिवाय मोठ्या कंपन्यांना हमी हवी असे. रेड हॅटने एंटरप्राइझ आवृत्तीसाठी वार्षिक वर्गणी आकारण्यास सुरुवात केली, तेव्हा मोफत सॉफ्टवेअरचा आधार मोफत नसतो, हे उघड झाले.

७/ पण दुसरी बाजूही तितकीच खरी होती. विंडोज सर्व्हरला जोडल्या जाणाऱ्या वापरकर्त्यांसाठी वा यंत्रांसाठी वेगळे परवाने लागत. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ हा वर्म मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील त्रुटीतून काही मिनिटांत जगभर पसरला. अमेरिकेत एटीएम सेवाही विस्कळीत झाली. दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती. ती असंख्य ठिकाणी बसवलीच गेली नव्हती. अशा एका दिवसाची किंमत पाच वर्षांच्या सरासरीत किती धरायची?

८/ आता पुन्हा त्या जाहिरातीकडे. तुलनेत विंडोज चालत होते ९०० मेगाहर्ट्झच्या दोन इंटेल झिऑन प्रोसेसरांवर. लिनक्स मात्र बसवले होते आयबीएमच्या झेड९०० या मेनफ्रेमवर, म्हणजे कितीतरी महागड्या यंत्रावर. दहापटींचा फरक मुख्यतः यंत्रांतला होता. जाहिरातीत तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या नावावर चढला.

९/ आयबीएम स्वतःच मेनफ्रेमवर लिनक्स विकत असल्याने तुलना रास्त आहे, असा मायक्रोसॉफ्टचा बचाव होता. संस्थेने तो फेटाळला. लिनक्स त्याच स्वस्त झिऑन यंत्रावरही चालू शकत होते. जाहिरात बदलण्याची सूचना देण्यात आली.

१०/ हाच वाद जर्मनीतील म्युनिक शहरात सार्वजनिक पैशाचा प्रश्न बनला. पालिकेच्या सुमारे १४,००० संगणकांवरील विंडोज एनटी ४ कालबाह्य होत होते. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी अर्धवट सोडून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटले आणि सवलती देऊ केल्या. तरीही मे २००३ मध्ये नगरपरिषदेने लिनक्स निवडले. एकाच पुरवठादारावर विसंबून न राहणे, हे त्यामागचे मोठे कारण होते.

११/ २०१२ मध्ये पालिकेने एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे सांगितले. दोनच महिन्यांत मायक्रोसॉफ्टसाठी एचपीने केलेला अभ्यास पुढे आला: विंडोज ठेवले असते, तर उलट ४.३७ कोटी युरो वाचले असते! एचपीची तुलना जुन्या विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ शी होती. पालिकेची नव्या आवृत्त्यांशी. शहर एकच, संगणक तेच, उत्तरे परस्परविरोधी. पालिकेने एचपीचे निष्कर्ष अमान्य केले.

१२/ नोव्हेंबर २०१७ मध्ये, नव्या महापौरांच्या काळात, म्युनिकने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. स्थलांतराचा अंदाजित खर्च होता सुमारे ५ कोटी युरो. आधीच्या वादात गाजलेल्या दोन्ही आकड्यांपेक्षा हा मोठा. एक व्यवस्था सोडून दुसरीकडे जाण्याची किंमतही मालकीच्याच खर्चाचा भाग असते, आणि ती प्रत्येक वळणावर नव्याने मोजावी लागते.

१३/ त्याच्या एकच महिना आधी मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरची लिनक्सवर चालणारी पहिली आवृत्ती बाजारात आणली होती. ज्या लिनक्सला तिने कधीकाळी दहापट महाग म्हटले, त्याच्यावरच ती आता आपला माल विकत होती. ‘खऱ्या खर्चा’चे जुने तक्ते म्हणूनच तीन प्रश्न विचारून वाचावेत: अभ्यासाचे पैसे कोणी दिले, यंत्रे कोणती निवडली आणि हिशेब किती वर्षांचा मांडला?