न सुटणारा रंग

पुण्यामुंबईतल्या कुठल्याही पार्लरमध्ये सणासुदीच्या आधी डोकावलं, तर एखादी तरी बाई दहाही बोटांवर ॲल्युमिनियम फॉइलच्या पुंगळ्या चढवून बसलेली दिसते. तिला फोन उचलता येत नाही, पाण्याचा पेला धरता येत नाही. समोरची मुलगी अधूनमधून एक पुंगळी काढते, लाकडी काडीने नखाच्या कडेला हलकंच टेकून बघते आणि म्हणते, ‘‘ताई, अजून पाच मिनिटं.’’ रंग लावायला गेलेला तासभर कुणाला खुपत नाही. तो काढायला लागणारी वीस मिनिटं मात्र सगळ्यांनाच खुपतात, आणि नखांचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा या घाईतच.

नखं रंगवण्याचा इतिहास सहसा चढवण्याच्या बाजूने सांगितला जातो: कुठला रंग आला, किती दिवस टिकला, कुणी विकला. मला तो उतरवण्याच्या बाजूने पाहावासा वाटतो. नखावर काय राहिलं आणि काय मागे पडलं, हे अनेकदा ते कसं निघतं यावरच ठरलेलं आहे.

मेंदीपाशी हा प्रश्नच नव्हता. मेंदीतलं लॉसोन हे द्रव्य नखातल्या केराटिनला जाऊन भिडतं, आणि मग ते काढायला काही चालत नाही. हाताच्या बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. बुडापासून टोकापर्यंत नवं नख यायला सहाएक महिने लागतात. तेवढ्या काळात मेंदी टोकाकडे सरकते आणि नखाबरोबर कापली जाते.

काढता येणारा रंग आला तो स्फोटकांच्या घरातून. १८४६ च्या सुमारास बाझलमध्ये ख्रिस्तियान शोनबाइन यांनी कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार केलं. दिसायला साधा कापूस, पण ठिणगी पडली की भडकणारा. याच नायट्रोसेल्युलोजपासून आणि नायट्रोग्लिसरिनपासून १८८९ मध्ये ब्रिटिशांनी कॉर्डाइट बनवलं. बंदुकीच्या गोळीमागचं हे बिनधुराचं दारूगोळ्याचं द्रव्य. दोन्ही घटक एकजीव करून त्यांचे धागे ओढायचे, तर एक द्रावक लागत असे, आणि तो होता ॲसिटोन.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ॲसिटोन मुख्यतः लाकूड बंद भांड्यात तापवून मिळणाऱ्या पदार्थांपासून बनत होतं आणि ब्रिटनला ते बाहेरून आणावं लागत होतं. मँचेस्टर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइत्समन यांनी मक्यासारख्या पिष्टमय धान्यावर एक जिवाणू सोडून, आंबवून ॲसिटोन काढण्याची रीत बसवली होती. सरकारने ती उचलली. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांमुळे धान्य तुटू लागलं, तेव्हा धान्याऐवजी वापरायला ब्रिटनमधल्या शाळकरी पोरांना हॉर्स चेस्टनट या झाडाची फळं गोळा करायला लावलं गेलं. ती कशासाठी हवी आहेत हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. याच युद्धाच्या गरजेतून आपल्या नाशिकलाही ॲसिटोनचा कारखाना उभारण्यात आला. आज नाशिकच्या एखाद्या पार्लरमध्ये ॲसिटोनची बाटली उघडते तेव्हा त्या वासामागे गावाचाच एक विसरलेला धागा असतो, हे मला फार ओढ लावणारं वाटतं.

युद्ध संपलं आणि नायट्रोसेल्युलोज रंगांच्या उद्योगात शिरलं. १९२३ मध्ये ड्यू पाँटने मोटारींसाठी ‘ड्यूको’ हे लॅकर आणलं. पूर्वी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत, ते काम आता फार लवकर उरकू लागलं. नखांसाठीही हेच रसायन वापरात आलं. अमेरिकेत नॉर्दम वॉरन यांच्या ‘क्युटेक्स’ने द्रवरूप नेलपॉलिश घरोघरी नेलं. त्या नावाची सुरुवात १९११ मध्ये झाली होती ती नखाभोवतीची जादा कातडी काढण्याच्या द्रावणाने. म्हणजे हा धंदाही आधी काढण्याचा आणि मग लावण्याचा. १९३२ मध्ये चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन हे भाऊ आणि चार्ल्स लॅकमन यांनी ‘रेव्हलॉन’ सुरू केली आणि पारदर्शक छटांऐवजी रंगद्रव्यांचे दाट, अपारदर्शक रंग आणले.

हे पॉलिश निघतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. बाटलीत नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळलेलं असतं. नखावर लावलं की द्रावक उडून जातो आणि मागे पातळ पापुद्रा राहतो. वाळताना त्याच्या रेणूंमध्ये नवे बंध तयार होत नाहीत. म्हणून ॲसिटोनचा बोळा फिरवला की पापुद्रा पुन्हा विरघळतो आणि कापसावर येतो. कॉर्डाइटच्या कारखान्यात जी जोडी होती तीच ड्रेसिंग टेबलावर आली: नायट्रोसेल्युलोज आणि त्याला विरघळवणारं ॲसिटोन. जितक्या सहज लावलं तितक्या सहज काढलं, हा या पॉलिशचा खरा गुण होता. तक्रार एवढीच, की ते चार-पाच दिवसांत टवके उडून खराब दिसू लागे.

टिकाऊपणाची वाट दंतवैद्यांनी दाखवली. १९५४ मध्ये फिलाडेल्फियातले दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक यांचं नख तुटलं. त्यांनी दातांसाठीचं ॲक्रिलिक घेतलं, ॲल्युमिनियम फॉइलचा साचा केला आणि तुटक्या नखावर नवं नख घडवलं. जे फॉइल आज काढायला लागतं, ते या गोष्टीत आधी घडवायला आलं. इथे द्रव्याची जातच बदलली. भुकटी आणि द्रव एकत्र झाले की रासायनिक क्रिया होऊन कडक प्लास्टिक तयार होई.

मग धंदा वाढला आणि त्यात मिथाइल मेथॅक्रिलेट आलं. स्वस्त, पटकन घट्ट होणारं, दगडासारखं, आणि ॲसिटोनला जवळपास दाद न देणारं. नख कुठे अडकलं तर कृत्रिम नख तुटत नसे, खालचं खरं नखच उचकटून येई. काढायचं तर घासून किंवा उचकटून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नखं विद्रूप झाल्याच्या आणि त्वचादाहाच्या तक्रारी आल्या. प्रशासन न्यायालयात गेलं, माल जप्त झाला, काही कंपन्यांनी तो स्वतःहून परत घेतला. त्याची जागा घेणारं इथाइल मेथॅक्रिलेट ॲसिटोनमध्ये बरंच मऊ पडतं. न सुटणारा पदार्थ मागे पडला आणि सुटणारा राहिला, याचं हे सगळ्यात ठळक उदाहरण.

प्रकाशाने घट्ट होणारी द्रव्यंही दवाखान्यातूनच आली. दातांच्या फटी भरायला अतिनील किरणांनी कडक होणारी रसायनं १९७० च्या दशकात वापरात आली आणि १९८० च्या दशकात तीच कल्पना नखांच्या जेलमध्ये उतरली. ही पहिली जेल ‘हार्ड जेल’. त्यांची वीण इतकी घट्ट, की ॲसिटोन आत शिरतच नाही. फाइलने घासून कमी करणं हाच मार्ग. नंतर विणीत थोडी सैल जागा ठेवलेली ‘सोक ऑफ’ जेल आली. २०१० मध्ये सीएनडी या कंपनीने ‘शेलॅक’ बाजारात आणलं, तेव्हा दोन आठवडे टिकण्याइतकाच भर काही मिनिटांत निघण्यावर होता. या कंपनीची सुरुवातही एका दंतवैद्यानेच, स्टुअर्ट नॉर्डस्ट्रॉम यांनी, १९७९ मध्ये केली होती.

पण ‘निघतं’ म्हणजे काय, ते नीट समजलं पाहिजे. सोक ऑफ जेल ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. दिव्याखाली त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफलेले असतात. साबुदाणा पाण्यात विरघळत नाही, फुगतो, तसंच काहीसं इथे होतं. ॲसिटोन जाळ्यात शिरतं, जेल फुगतं, त्याला सुरकुत्या पडतात आणि नखावरची त्याची पकड सुटते. शिरायला वेळ लागतो, आणि ॲसिटोनला वेळ नसतो. ५६ अंश सेल्सिअसला उकळणारं हे द्रव उघड्यावर भराभर उडून जातं. फॉइलचं काम एवढंच, की ते बोळ्यात टिकून राहावं.

म्हणूनच ‘हट्टी’ जेलची कारणं बहुधा साधी असतात. टॉप कोट, म्हणजे अगदी वरचा थर, सगळ्यात घट्ट विणीचा असतो. त्याची चमक आधी फाइलने पूर्ण उतरवली नाही, तर अर्धा तास बसूनही आत काही जात नाही. बोळा नखापेक्षा लहान असतो, फॉइल सैल असतं, एसीच्या थंड खोलीत सगळं मंदावतं. थर जाड असतो, त्यात चमकी असते. बाटलीवर ‘नॉन ॲसिटोन’ लिहिलेलं असतं, आणि ते द्रावण साध्या पॉलिशला पुरतं, जेलला नाही. किंवा बाईने आधी दुसरीकडून हार्ड जेल करून घेतलेलं असतं आणि ते सांगायचं राहून गेलेलं असतं. पंधरा मिनिटांनी फॉइल काढल्यावर सुरकुती दिसली, तर ताजा बोळा ठेवून आणखी थांबायचं. पृष्ठभाग होता तसाच गुळगुळीत असेल, तर ते भिजून निघणारं नाही आणि तिथे ॲसिटोन थांबवून फाइल हातात घ्यायची. हा निर्णय मुलीच्या बोटांना कळतो. तो शिकवायला वर्ग लागतात आणि हाताखाली काम करण्याचे महिने लागतात.

चूक होते ती मधल्या अवस्थेत. जेल अर्धवट सुटलेलं असतं, पुढची ग्राहक दारात उभी असते, आणि जेल सरकवायचा पुशर जोर लावून नखाच्या मुळाकडून टोकाकडे ढकलला जातो. हाताच्या नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, आणि तीही केराटिनच्या एकावर एक चिकटलेल्या पापुद्र्यांची. जेलबरोबर वरचे पापुद्रे सोलून येतात आणि पांढरे, खरबरीत चट्टे राहतात. घरी कंटाळून जेल दाताने किंवा नखाने सोलणाऱ्यांचंही हेच होतं. तेल, क्रीम काहीही लावलं तरी गेलेला पापुद्रा परत येत नाही. नवं नख वाढून यावं लागतं. ‘जेलने नखं खराब होतात’ असं आपण सर्रास म्हणतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा जेल ओरबाडण्याचा आहे. ॲसिटोनही कातडी आणि नख कोरडं करतं, म्हणून आधी कडेने व्हॅसलिन आणि नंतर क्युटिकल ऑइल लावणं हा उपचार नाही, कामाचाच भाग आहे.

आणि फॉइलच्या त्या बाजूला बसलेल्या मुलीचं काय? ॲसिटोन उणे २० अंशाच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ग्राहक महिन्यातून एकदा तो वास घेते, ती दिवसभर घेते. खिडकी किंवा एक्झॉस्ट नसलेल्या गाळ्यात हे काम होऊ नये. वाटी गरम पाण्यात ठेवून ॲसिटोन कोमट करण्याची युक्ती चालते, पण जवळ ज्योत असता कामा नये. रिमूव्हलचे पैसे वेगळे लावले की ग्राहक कुरकुरतात. मला तो दर रास्त वाटतो. तो वेळेचा दर आहे आणि त्या वेळेतच नख वाचतं.

आता ॲसिटोन आंबवून बनत नाही. १९४० च्या दशकात जर्मनीत हाइनरिश हॉक यांनी शोधलेल्या पद्धतीने ते क्युमीनपासून फिनॉलबरोबर निघतं. आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात हर्डिलिया केमिकल्समध्ये ते याच रीतीने तयार होत असे. बाटली स्वस्त झाली, पण नेल टेक्निशियनांमधला एक वर्ग तिच्यापासून दूर जाऊ लागला आहे. त्या सगळं जेल काढतच नाहीत. विजेवर फिरणाऱ्या ई-फाइलने वरचा रंग उतरवतात, खालचा बेसचा पातळ थर तसाच ठेवतात, तीन-चार आठवड्यांत मुळाशी वाढलेली मोकळी जागा भरून नवा रंग देतात. नख ॲसिटोनमध्ये बुडत नाही. मात्र फिरतं बिट एका जागी क्षणभर जास्त थांबलं तर नखावर लाल, दुखरी वळी उमटते, आणि थर कुठे संपला आणि नख कुठे सुरू झालं हे उडणाऱ्या भुकटीच्या रंगावरून आणि पोतावरून ओळखावं लागतं.